समासात लिहायचं नाही

कराडला आमच्या शाळेत वहीच्या डाव्या बाजूला जी उभी लाल रेघ असायची ना, तिच्या पलीकडे जायची आमची टाप नव्हती. तिकडे फक्त प्रश्नाचा नंबर टाकायचा, बाकीचा समास सरांचा, म्हणजे त्यांच्या लाल पेनाचा. मी सहावीत एकदा तिथे एक बारकं फूल काढलं तर सरांनी ती वही उंच धरून अख्ख्या वर्गाला दाखवली होती. हे झालं वहीचं. पुस्तकात लिहायचं तर मनातसुद्धा यायचं नाही. पुस्तकाला खाकी कव्हर, कव्हरवर लेबल, अन् चुकून पाय लागला तर लगेच हात लावून नमस्कार. मी अजूनही करते, पस्तिशी आली तरी. परवा ऑफिसात लॅपटॉपच्या बॅगेला पाय लागला तर केला, शेजारचा बघतच राहिला.

तर २००४ च्या जूनमध्ये शाळेचं पत्र आलं. आम्ही तेव्हा बॉस्टनच्या पश्चिमेला एका गावात राहायचो, बाबा सॉफ्टवेअरमध्ये, मी सहावी संपवून २००२ च्या उन्हाळ्यात तिकडे गेलेली. पत्रात लिहिलं होतं की तुमच्या मुलीची नववीच्या ॲक्सिलरेटेड इंग्लिशसाठी निवड झालेली आहे, या वर्गात अमेरिकन लिटरेचर असतं (बाकीची मुलं आमच्या शाळेत ते अकरावीत घ्यायची), सुट्टीत 'टू किल अ मॉकिंगबर्ड' वाचून यायचं, आणि पुढे ठळक अक्षरात, पुस्तकात लिहून आणायचं. पेन्सिलीने लिहा, पेनाने लिहा, पण पानापानावर तुम्ही वाचताना काय विचार केलात ते दिसलं पाहिजे, पहिल्याच आठवड्यात चेक होईल.

आईने पत्र दोनदा वाचलं आणि बाबांना म्हणाली, पुस्तकात रेघोट्या मारायला सांगतात, असली कसली शाळा. त्यातून शाळेच्या प्रतीत लिहायचं नाही, लिहायचं तर स्वतःची प्रत विकत घ्यायची. आई त्या काळात प्रत्येक किमतीला पंचेचाळीसने गुणायची, त्यामुळे सात-आठ डॉलरचं पेपरबॅक म्हणजे साडेतीनशे रुपये, तेही खराब करायला! मग लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये आम्हाला पन्नास सेंटला एक प्रत मिळाली, पाठीचा कणा मोडलेली, आणि आतमध्ये कुणीतरी आधीच हिरव्या पेनाने भरपूर लिहून ठेवलेलं. आई खूश. म्हणाली, चला, अर्धं काम झालेलंच आहे.

आणि खरं सांगू का, मलाही तसंच वाटलं होतं.

मी ॲक्सिलरेटेडला पोचले कशी हे सांगायला पाहिजे, कारण त्यात साहित्याचा काडीचा संबंध नव्हता. आमची कराडची शाळा नावाला इंग्लिश मीडियम, सर इंग्रजीसुद्धा मराठीतूनच शिकवायचे, पण व्याकरण असं घोटून घेतलेलं की झोपेतून उठवून विचारलं तरी पॅसिव्ह व्हॉइस करून दाखवला असता. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह, डायरेक्टचं इनडायरेक्ट, 'डू ॲज डायरेक्टेड' म्हणजे माझा हातखंडा. अमेरिकेतल्या मुलांना यातलं काही येत नव्हतं, क्लॉज कशाशी खातात तेही माहीत नव्हतं, आणि आठवीच्या टीचरना माझं फार कौतुक वाटलं. त्यांनी शिफारस केली. बाबांनी रविवारी कॉलिंग कार्डवरून गावी फोन लावून अप्पांना, म्हणजे माझ्या आजोबांना, सांगितलं की पोरगी ॲक्सिलरेटेड इंग्लिशला लागली. अप्पा म्हणाले, म्हंजे काय? बाबा म्हणाले, वेगात शिकवतात. अप्पा थोडा वेळ गप्प आणि मग, "का बरं, एवढी घाई कशाची हाय?"

सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झाला. बाकं गोलात मांडलेली. शिकवणाऱ्या बाई (मनातल्या मनात मी सगळ्या टीचर लोकांना बाईच म्हणायचे, त्यामुळे इथेही बाईच) साधारण आईच्या वयाच्या, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. त्या विचारायच्या आणि गप्प बसायच्या. ही गप्प बसायची पद्धत मला सुरुवातीला भयंकर वाटायची. आमच्याकडे सर प्रश्न विचारायचे आणि उत्तरही तेच सांगायचे, आपण ते लिहून घ्यायचं, पाठ करायचं, परीक्षेत उतरवायचं, यात कुणालाच कसला त्रास नव्हता. पाठ कुठलाही असो, शेवटी 'या पाठातून लेखकाला काय सांगायचे आहे' याचं उत्तर पाच ओळींत ठरलेलं. मी तशीच तयारी करून गेले होते. माझी पाळी आल्यावर मी म्हणाले की या कादंबरीतून लेखिका आपल्याला समतेचा आणि माणुसकीचा संदेश देते. छान इंग्रजीत म्हणाले, एकही चूक नाही.

बाई म्हणाल्या, "कुठे दिसलं तुला ते?"

मला प्रश्नच कळला नाही. कुठे म्हणजे? पुस्तकात. त्या म्हणाल्या, कितव्या पानावर. आता संदेश कितव्या पानावर असतो? तो शेवटी असतो, स्वाध्यायाच्या आधी! मी पानं उलटत बसले, कान गरम झालेले. मग मला त्या पिसाळलेल्या कुत्र्याच्या प्रसंगाशेजारी हिरव्या पेनाने लिहिलेलं 'सिम्बॉल' दिसलं, पुढे दोन उद्गारचिन्हं, आणि मी बुडत्याला काडी मिळावी तसं म्हणाले, इथे, हा कुत्रा सिम्बॉल आहे. "कशाचा?" हिरव्या पेनवाल्याने ते लिहिलेलं नव्हतं.

त्या वर्षी 'कुठे दिसलं तुला ते' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते मला स्वप्नात ऐकू यायचं. दुसरं, निबंध परत आले की समासात बाई लिहायच्या 'सो व्हॉट?' म्हणजे, बरं मग? समासावर तिकडेही बाईंचाच हक्क होता म्हणा, पण फरक असा की त्या तिथे चूक की बरोबर लिहायच्या नाहीत, भांडल्यासारखं लिहायच्या, आणि आपण खाली उत्तर लिहून वही परत द्यायची. वर्गातली निम्मी मुलं स्पार्कनोट्स वाचून यायची, ते म्हणजे तिकडचं नवनीत गाईड, तेही फुकट. पण 'कुठे दिसलं तुला ते'पुढे गाईड टिकायचं नाही.

मॉकिंगबर्डबद्दल एक गोष्ट मात्र सांगायचीच आहे. हार्पर लीची ही कादंबरी १९६० ची, गोष्ट त्याच्याही आधीच्या तीसच्या दशकातल्या अलाबामातली, स्काउट नावाची लहान मुलगी सांगते. तिच्या वकील बापाने एका निरपराध काळ्या माणसाची केस घेतलेली. लोकांना कोर्टाचा भाग आठवतो. मला आठवतं ते बारावं प्रकरण. घरी स्वयंपाकपाणी बघणारी काळी बाई, कॅलपर्निया, मुलांना एका रविवारी तिच्या स्वतःच्या चर्चमध्ये घेऊन जाते. तिथे भजनाची पुस्तकंच नाहीत. तिचा मुलगा पुढे उभा राहून एक ओळ म्हणतो, मग सगळे ती ओळ गातात, मग तो पुढची म्हणतो. हे वाचलं आणि मी अंथरुणात उठूनच बसले. अहो हे तर आमच्या गावच्या देवळातलं! एकादशीला बुवा ओळ टाकायचे आणि टाळकरी उचलायचे, अप्पा मागच्या रांगेत डोळे मिटून, आणि निम्म्या लोकांना अक्षरओळख नाही पण हरिपाठ मुखोद्गत. त्या प्रकरणात हिरव्या पेनवाल्याला काहीच दिसलेलं नव्हतं, समास कोरा. मी पेन्सिल घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा छापील पुस्तकाच्या समासात लिहिलं, 'बुवा आणि टाळकरी'. देवनागरीत. इंग्रजीत लिहायचं सुचलंच नाही.

चेकच्या दिवशी बाई पानं उलटत होत्या. हिरवं अक्षर माझं नाही हे त्यांना एका नजरेत कळलं असणार, त्या काही बोलल्या नाहीत, पण बाराव्या प्रकरणाला थांबल्या आणि देवनागरीवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, अडखळत, की आमच्या गावी पण असंच. मला वाटलं आता शाबासकी मिळणार. त्या म्हणाल्या, छान, पण ते लोक असं का गातात? कुठे दिसतं? मी परत वाचलं. कॅलपर्निया मुलांना सांगते की त्या अख्ख्या चर्चमध्ये वाचता येणारी माणसं जेमतेम चार. मग बाईंनी सांगितलं की गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत काळ्या माणसाला वाचायला शिकवणं हा कायद्याने गुन्हा होता. म्हणजे भजन सारखं, पण पुस्तक नसण्याचं कारण... तेवढ्यात मला अप्पांच्या शेजारी बसणारे ते म्हातारे आठवले, आणि देवळाच्या बाहेर पायरीशी उभे राहणारे पण आठवले, आणि कारण तरी अगदी वेगळं आहे का, असं वाटून गेलं. तेव्हा मला जोतिराव फुल्यांचं 'गुलामगिरी' माहीत नव्हतं. कॉलेजात गेल्यावर कळलं की १८७३ च्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना आहे. साताऱ्याच्या कटगुणचं घराणं, पुण्यात लिहिलेलं पुस्तक. नववीत माहीत असतं तर वर्गात केवढा भाव खाल्ला असता.

त्याच प्रकरणात अजून एक आहे. स्काउटच्या लक्षात येतं की कॅलपर्निया आपल्या घरी एक भाषा बोलते आणि चर्चमध्ये दुसरी, आणि तिला त्याचा धक्का बसतो. मला काय धक्का बसणार, आमची आई एकाच संध्याकाळी बँकेच्या फोनवर एक बाई असायची, मंडळातल्या पुण्याच्या काकूंशी दुसरी, आणि मामाचा फोन आला की तिसरी, 'काय चाल्लंय रं' म्हणणारी.

वर्गात एकच काळा मुलगा होता. बॉस्टनहून रोज बसने यायचा, मेटको म्हणून एक प्रोग्रॅम आहे, १९६६ पासून शहरातली मुलं त्यातून आसपासच्या गावांच्या शाळांत येतात. पहाटे उठून यायचा बिचारा. पुस्तकात काळ्या लोकांना शिवी म्हणून वापरायचा तो शब्द कितीतरी वेळा आहे, बाईंनी आधीच सांगितलेलं की मोठ्याने वाचताना आपण तो उच्चारणार नाही, आणि त्यावर एक अख्खा तास चर्चाही झाली. पण कोर्टाचा भाग आला की सगळे हळूच त्याच्याकडे बघायचे. मीही बघायचे. तो टेबलाकडे बघायचा. एकदाच म्हणाला, मला काय विचारता, मी पण आत्ताच वाचतोय हे पुस्तक. हे वाक्य मी मागच्या पानावर लिहून ठेवलेलं आहे. पुढे थंडीत इमर्सन आणि थोरो हे एकोणिसाव्या शतकातले लेखक आले, इमर्सनची १८५७ ची 'ब्रह्म' नावाची कविता, मारणारा आणि मेलेला दोघांनाही खरं काय ते कळत नाही असं काहीसं, सरळ सरळ गीतेतला दुसरा अध्याय, आणि अख्खा वर्ग माझ्याकडे वळला. आता मी टेबलाकडे बघत बसले. आजी रोज पहाटे गीताई म्हणायची पण मी तेव्हा झोपेत असायचे हो!

थोरोबद्दल फार लिहीत नाही, त्याच्यावर सगळे लिहितात. त्याचं गाव कॉन्कर्ड आमच्यापासून जवळ, शाळेची ट्रिप गेली, त्याचं ते वॉल्डन तळं छोटंसं, गोठलेलं. एवढंच की त्याच्या 'वॉल्डन'मध्ये तो तळ्यावरचा बर्फ कापून नेणाऱ्या मजुरांबद्दल लिहितो आणि म्हणतो की मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे घामेजलेले लोक माझ्याच विहिरीचं पाणी पितात. ही कविकल्पना नव्हे, बॉस्टनचा एक व्यापारी १८३३ पासून खरंच जहाजाने भुशात बांधून बर्फ हिंदुस्थानात पाठवायचा. मी हे फोनवर अप्पांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. "वितळंल की गं!" एवढंच म्हणत राहिले.

अप्पांना फोनवर गोष्टी सांगायची सवय मला त्याआधी ऑक्टोबरमध्ये लागली, 'द क्रूसिबल' हे नाटक वाचताना. तो महिना बॉस्टनमध्ये वेड्यासारखा गेला. तिथली बेसबॉलची टीम रेड सॉक्स १९१८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सीरिज जिंकायच्या मार्गावर, मॅच मध्यरात्रीनंतर संपायच्या, सकाळी वर्गात निम्मी पोरं झोपलेली, आणि आम्ही वाचतोय काय तर १६९२ सालचं बॉस्टनजवळचं सेलम, चेटकीण म्हणून एकोणीस जणांना फाशी. आर्थर मिलरने नाटक लिहिलं १९५३ मध्ये, कम्युनिस्ट शोधायची मोहीम जोरात असताना, आणि पुढे तीन वर्षांनी त्यालाही संसदेच्या समितीपुढे उभं करून नावं सांग म्हणाले, त्याने सांगितली नाहीत. वर्गात सगळी चर्चा भीती, अफवा, झुंडी यांच्यावर. मी रविवारी अप्पांना गोष्ट सांगितली. चेटूक, करणी, भानामती हे त्यांना काही नवीन नव्हतं, आमच्याच जिल्ह्यात दाभोलकरांचे कार्यकर्ते शाळाशाळांतून प्रयोग करून दाखवायचे, हातावर कापूर जाळायचे, मी पाचवीत बघितलेलं. अप्पा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "आन् ज्येंना फाशी दिली त्येंच्या जमिनी कुनी घेतल्या?"

मी म्हणाले, अप्पा, ते जमिनीबद्दल नाहीये. तरी पुस्तक उघडून बघितलं. आणि अक्षरशः पहिल्याच अंकात चेटकिणींची बोलणी चालू असताना मध्येच पटनम आणि प्रॉक्टर हे दोन गावकरी लाकडाच्या एका रानावरून भांडतायत की ते कुणाच्या हद्दीत. पुढे तर म्हातारा जाइल्स कोरी कोर्टात सरळ आरोपच करतो की शेजाऱ्याला फासावर चढवलं की त्याची जमीन जप्त होणार आणि ती विकत घेण्याइतका पैसा एकट्या पटनमकडे आहे. हाच कोरी शेवटी छातीवर दगड ठेवून ठेवून मारला जातो, हो की नाही काही म्हणत नाही, कारण गुन्हा कबूल केला काय आणि नाकारून दोषी ठरला काय, शेत पोरांच्या हातून जाणार. अजून वजन ठेवा म्हणतो. मी सोमवारी पान नंबरांसकट हे वर्गात सांगितलं. 'कुठे दिसलं'च्या आधीच. बाईंनी चष्मा वर घेतला आणि विचारलं, हे तुला सुचलं कसं. मी म्हणाले, माझ्या आजोबांनी विचारलं. त्या म्हणाल्या, काय करतात आजोबा? मी म्हणाले, शेती. आणि कोर्टात केस लढतात.

कारण ती केस आमच्या घरातला एक मेंबरच होती. अप्पांचा चुलतभाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, त्यांचं रान आमच्या रानाला लागून, मध्ये बांध, दोन्हीकडे ऊस. आणि बांध कोरायचा हा आपल्याकडचा राष्ट्रीय खेळ आहे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नांगरताना दरवर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, पलीकडे सरकायचं. हळूहळू, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असं. काही वर्षांत हातभर रान आपलं. मग मोजणी, मग हद्दीचे दगड, मग दगड हलला म्हणून पुन्हा मोजणी, सातबारा, वकील, कराडच्या कोर्टातल्या तारखा. मी जन्मायच्या आधीपासून चाललेली केस. आमच्या घरात तात्या म्हणजे बांध कोरणारा माणूस, हे गणपती म्हणजे सोंडवाला इतकं पक्कं होतं.

एप्रिलमध्ये रॉबर्ट फ्रॉस्ट आला. 'मेंडिंग वॉल', १९१४ ची कविता, फक्त ४५ ओळी. दोन शेजारी दर वसंतात आपापल्या बाजूने चालत दोघांच्या हद्दीतली दगडी भिंत दुरुस्त करतात, थंडीत जमीन फुगून दगड निसटलेले असतात ते परत रचायचे. बोलणारा म्हणतो, काहीतरी आहे ज्याला भिंत आवडत नाही. शेजारी एवढंच म्हणतो की चांगली कुंपणं असली की शेजार चांगला राहतो. बापाकडून आलेलं वाक्य, तेच दोनदा म्हणतो. असल्या भिंती मी रोज बघायचे. न्यू इंग्लंडमध्ये कुठल्याही जंगलात जा, मधूनच गुडघाभर उंचीची दगडी भिंत जाताना दिसते, कुठून निघाली अन् कुठे चालली काही कळत नाही. एके काळी ती शेतं होती, लोक सोडून गेले, जंगल परत आलं, भिंती तेवढ्या राहिल्या. आमच्या अपार्टमेंटच्या मागेच एक होती, तिच्यावर खारी पळायच्या.

वर्गाचं मत पाच मिनिटांत ठरलं. शेजारी मागासलेला, बोलणारा शहाणा, भिंती वाईट. आणि मी, जी विचारल्याशिवाय कधी तोंड उघडत नव्हते, हात वर करून उभीच राहिले (कराडची सवय, तिकडे कुणी उभं राहत नाही) आणि म्हणाले, शेजाऱ्याचं बरोबर आहे, तुम्हाला कुणाला माहीत नाहीये, आमच्याकडे बांधावरून डोकी फुटतात, खून होतात, भिंत पाहिजेच, आणि ज्याला भिंत नको असते ना तोच रात्रीत दगड हलवतो. एकदम शांतता. एक मुलगी पुटपुटली, वाव. बाई म्हणाल्या, बरं, तुझं हे सगळं धरून चालू. आता मला सांग, या कवितेत भिंत दुरुस्त करायला चल असं कुणी कुणाला म्हटलं?

मला हसूच आलं. कोण कोणास म्हणाले! साडेसात हजार मैलांवर येऊन, ॲक्सिलरेटेडमध्ये, कोण कोणास म्हणाले, एक मार्क! मी पुस्तकात बघितलं. बारावी ओळ. टेकडीपलीकडे शेजाऱ्याला निरोप धाडतो तो हाच, बोलणारा, भिंत न आवडणारा. तारीख ठरवतो तोच. शिकारी लोक दगड पाडून जातात तेव्हा त्यांच्या मागे जाऊन एकट्याने डागडुजी करतो तोही हाच. मी तीनदा वाचली होती कविता. तिन्ही वेळा मला तात्या आणि अप्पाच दिसले, बारावी ओळ दिसलीच नाही. समासात मी 'तात्या' असं लिहिलेलं होतं, शेजाऱ्याच्या बाजूला आधी, मग खोडून बोलणाऱ्याच्या बाजूला. आता कुणाच्या बाजूला लिहायचं तेच कळेना. तो निबंध मी चारदा लिहिला, बी प्लस मिळाला, आणि 'सो व्हॉट?' फक्त एकदा.

जुलैमध्ये आम्ही गावी गेलो, २००५ चा पाऊस, बांधावर गुडघाभर गवत. त्याआधीच्या उन्हाळ्यात तात्या वारलेले, केस तशीच पडून, त्यांची मुलं पुण्याला, रान वाट्याने दिलेलं. मी अप्पांबरोबर रानात गेले आणि पाऊस थांबला तेव्हा खोपीत बसून त्यांना ती कविता मराठीतून सांगितली, ओळीमागून ओळ, बुवांसारखी.

अप्पांनी आधी विचारलं, "पीक काय त्येंचं?"

एकाकडे सफरचंद आणि एकाकडे पाइनची झाडं.

"मग नांगर कुठं फिरतोय? झाड काय चालत येतंय व्हय?" आणि गंमत म्हणजे कवितेतला माणूस अगदी हेच म्हणतो, माझी सफरचंदाची झाडं तिकडे जाऊन तुझ्या पाइनची फळं खाणार नाहीत. अप्पांना ते फार आवडलं, मांडीवर थाप मारून हसले. मग म्हणाले, "मग दरसाल भित्ताड रचायला जातोय कशाला त्यो?"

मी म्हणाले, तेच तर कळत नाही. बाईंनी पण सांगितलं नाही.

अप्पा बांधाकडे बघत बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या घरात कधी कुणी सांगितलेलं नव्हतं. तारखेच्या दिवशी गावातून सकाळची एकच एसटी, त्यामुळे वादी-प्रतिवादी एकाच गाडीने कराडला जायचे. सुरुवातीची वर्षं एक पुढच्या सीटवर, एक मागच्या. पुढे पुढे शेजारी, कारण गाडी भरलेली असायची. कोर्टात दिवसभर बसून पुढची तारीख मिळायची, परत यायची गाडी उशिरा, मग स्टँडसमोर चहा. एरवी गावात दोघं एकमेकांच्या सावलीलाही उभे राहायचे नाहीत, घरच्यांनी राहूच दिलं नसतं.

मी विचारलं, अप्पा, बांध खरंच कोण कोरत होतं?

"आता त्येचं काय," म्हणाले. उठले, खोपीच्या कुडात खोचलेलं खुरपं काढलं आणि बांधावरचं गवत काढायला बसले, आधी आमच्या बाजूचं, मग पलीकडच्या बाजूचं. पाठमोरेच बोलत होते. "च्याचं पैसं ठरल्यालं. एका तारखेला मी द्यायचं, एका तारखेला त्येनं."

मग शेवटच्या तारखेला कुणी दिले?

अप्पांचं खुरपं थांबलं. "मीच की," म्हणाले. "त्येची राह्यली."